वृक्षांचे नववर्ष : एक घास, एक वाटा

प्रत्येक हिशेबाला आरंभाचा एक दिवस लागतो. सरकारचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेस उघडते, व्यापाऱ्याच्या चोपड्या पाडव्यास उघडतात, शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. ज्यू परंपरेने फळझाडांसाठीही असा एक दिवस राखून ठेवला आहे. हिब्रू पंचांगातील शवात महिन्याची पंधरावी तिथी हा तो दिवस. त्यास ‘तू बिश्वात’ असे म्हणतात. यातील ‘तू’ हा वस्तुतः शब्द नसून अंक आहे. ‘तेत’ या अक्षराचे मूल्य ९ आणि ‘वाव’चे ६, मिळून १५. दहा आणि पाच या मूल्यांच्या अक्षरांनीही पंधरा लिहिता आले असते. परंतु ती दोन अक्षरे ईश्वराच्या नामात येतात, म्हणून हिशेबाच्या कामी ती जोडून वापरीत नाहीत. हिब्रू महिना चांद्र असल्यामुळे हा दिवस पौर्णिमेच्या आगेमागे येतो. इंग्रजी तारखेने जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही.

सणाचे ताट आणि वृद्धांचे आरोग्य यांची सांगड या सदरातून आपण नेहमी घालत असतो. बहुतेक सणांत आधी पक्वान्न येते आणि दान त्याच्या मागून, पंगत उठल्यावर. या सणात क्रम उलटा आहे. येथे दान आधी आले आणि फळे खाण्याची रीत कित्येक शतकांनंतर. ज्या घरात एखादे वृद्ध माणूस इतरांच्या आधाराने जगत आहे, त्या घराने या उलट्या क्रमाकडे जरा थांबून पाहावे, असे मला वाटते.

इसवी सनाच्या सुमारे २०० या काळात सिद्ध झालेल्या मिश्ना या धर्मशास्त्रीय संहितेत चार नववर्षे सांगितली आहेत. एक राजांच्या कारकिर्दी आणि सण मोजण्यासाठी, एक गुरांच्या दशांशासाठी, एक सामान्य वर्षगणनेसाठी आणि चौथे वृक्षांसाठी. या चौथ्या दिवसाबद्दल दोन गुरुकुलांत मतभेद होता. शम्माईचे अनुयायी शवातची पहिली तिथी धरीत, हिल्लेलचे अनुयायी पंधरावी. हिल्लेलचे मत रूढ झाले. कारण शेतकऱ्याचे आहे. इस्राएलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि शवातच्या मध्यापर्यंत त्यातील बराचसा पडून गेलेला असतो. झाडात नवा रस चढू लागतो, बदामाची झाडे पांढऱ्यागुलाबी फुलांनी भरून जातात. यापूर्वी धरलेले फळ जुन्या वर्षाचे, यानंतरचे नव्या वर्षाचे.

हा भेद करण्याची आवश्यकता काय होती? तर प्रत्येक वर्षाच्या फळांतून वेगळा दशांश काढावा लागे आणि एका वर्षाचा वाटा दुसऱ्या वर्षाच्या फळांतून भागविता येत नसे. पहिला दशांश मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी कुळाचा. त्यानंतरचा दुसरा दशांश सात वर्षांच्या चक्रातील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी मालकाने जेरुसलेमला नेऊन तेथे स्वतः आपल्या माणसांसह खावयाचा; परंतु तिसऱ्या व सहाव्या वर्षी तोच वाटा गरिबांचा होई. सातवे वर्ष भूमीच्या विश्रांतीचे. शिवाय नव्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळे कोणी खावयाची नाहीत, चौथ्या वर्षाची पवित्र मानावयाची, असाही नियम आहे. म्हणजे झाडाचे वय मोजणे आले, वर्षाचा आरंभ निश्चित करणे आले. वृक्षांचे नववर्ष हा मुळात उत्सव नव्हताच. कोणाचा वाटा किती, हे ठरविण्याची ती तारीख होती. धर्मनिष्ठ ज्यू घरांत इस्राएलमध्ये पिकलेल्या फळांतून दशांश वेगळा काढण्याचा विधी आजही पाळला जातो.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे हा समाज देशोदेशी विखुरला. ज्यांच्यापाशी त्या भूमीतली झाडेच उरली नाहीत, त्यांनी तारखेची आठवण राखली ती फळ खाऊन. उत्तर आणि पूर्व युरोपातील कडाक्याच्या हिवाळ्यात ताजे फळ कोठून मिळणार? तेव्हा दूरच्या प्रवासात न नासणारी कॅरबची वाळलेली शेंग तेथे या दिवसाचे फळ झाली. चिंचेच्या मोठ्या आकड्यासारखी दिसणारी, गोडसर, आणि चावताना दातांची परीक्षा पाहणारी. कोठे पंधरा प्रकारची फळे मांडण्याची रीत पडली. सोळाव्या शतकात गालील प्रदेशातील त्सफात या नगरीत ज्यू गूढवाद्यांची एक मोठी परंपरा फुलली. तिच्या प्रभावातून या दिवसासाठी फळे आणि द्राक्षरसाचे चार प्याले यांचा एक क्रमबद्ध विधी तयार झाला. ‘पेरी एत्स हदार’ या नावाने तो १७२८ साली व्हेनिस येथे छापला गेला. पहिला प्याला पांढऱ्या द्राक्षरसाचा, पुढच्यात थोडा तांबडा मिसळलेला, तिसऱ्यात अधिक, चौथा जवळजवळ पूर्ण तांबडा. शिशिर सरून वसंत येण्याचा प्रवास प्याल्यातून पाहावयाचा. वृक्षारोपणाची आजची प्रथा त्या मानाने अगदी अलीकडची आहे. १८९० साली झिख्रोन याकोव या वसाहतीतील शिक्षक झेएव यावेत्झ यांनी आपल्या विद्यार्थ्यांना या दिवशी झाडे लावावयास नेले, आणि तेथून ती पसरली.

त्या विधीतील फळांची वर्गवारी मात्र पाहण्यासारखी आहे. पहिला गट बाहेरून कठीण आणि आत मऊ अशा फळांचा: बदाम, अक्रोड, डाळिंब. दुसरा बाहेरून मऊ आणि आत बी अशांचा: खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू. तिसरा संपूर्ण खाण्याजोग्या फळांचा: अंजीर, द्राक्षे. गूढवाद्यांनी यात सृष्टीचे स्तर पाहिले. वृद्धांच्या ताटाकडे पाहणाऱ्या मनुष्यास याच तीन गटांत तीन प्रकारच्या काळज्या दिसू लागतात, त्याला इलाज नाही.

पहिल्या गटातील कवचाची फळे पौष्टिक खरी, पण ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याची. पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, घास गालात साठवून ठेवणे ही गिळण्याच्या अडचणीची लक्षणे आहेत. ती दिसत असतील तर सणाची वाट न पाहता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अशांना अख्खा बदाम कदापि देऊ नये. भिजवून, साल काढून, अगदी बारीक वाटून तो दुधात किंवा लापशीत पातळ करून द्यावा. नुसते दाट वाटण चमच्याने चाटविणे हेही सुरक्षित नव्हे, कारण ते टाळ्याला चिकटून बसते. डाळिंबाच्या दाण्याची अडचण निराळी. दाताखाली तो फुटला की पातळ रस आधी घशाकडे धावतो आणि बी मागे राहते. एकाच घासात दोन गतींचे पदार्थ सांभाळणे दुर्बळ गळ्यास जमत नाही. म्हणून दाणे चुरडून, गाळून रस घ्यावा, आणि गिळण्याच्या त्रासासाठी पेये दाट करून देण्यास सांगितले असेल तर तो रसही तसाच दाट करावा.

दुसऱ्या गटात बिया. खजूर आणि ऑलिव्ह यांच्या बिया स्वयंपाकघरातच काढाव्यात, ताटात आल्यावर नव्हे. ज्याची दृष्टी मंद झाली आहे त्याने बी दातांखाली येईपर्यंत वाट का पाहावी? मेजूल जातीच्या एका मोठ्या खजुरात साधारण १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार चमचे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने असा अर्धा खजूर जेवणाबरोबर घेणे आणि रिकाम्या पोटी चार खाणे यांत पुष्कळ अंतर आहे. खारवलेल्या ऑलिव्हमध्ये मीठ बरेच असते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ती पाण्यात भिजवून, पाणी टाकून, एखाददुसरी चाखावी. जर्दाळू, खजूर, मनुका, अंजीर या सर्वच सुक्या फळांत पोटॅशियम विपुल असते. एरवी तो गुण. पण मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णास तो अपायकारक होऊ शकतो. अशा घरी फळांची यादी करण्यापूर्वी डॉक्टरांस किंवा आहारतज्ज्ञास विचारणे हेच पहिले काम.

तिसऱ्या गटातील अंजीर वृद्धांचे जुने मित्र. रात्री भिजवलेली दोन अंजिरे बद्धकोष्ठावर उपयोगी पडतात, मात्र तंतुमय पदार्थ वाढविले की पाणीही वाढवावे लागते. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तेही विचारून. कवळी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की अंजिराच्या बारीक बिया कवळीखाली शिरून हिरडी सोलतात. खाऊन झाल्यावर कवळी काढून धुवावी. द्राक्षे अख्खी देऊ नयेत, उभी चिरून द्यावीत. इस्राएलमध्ये हाच संत्री, ग्रेपफ्रूट, पपनस यांचा हंगाम. त्यांतील ग्रेपफ्रूट आणि पपनस ही कोलेस्टेरॉलवरील काही औषधांच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करतात. औषधांची चिठ्ठी ताटाशेजारी ठेवूनच ही दोन फळे वाढावीत.

या सर्व सूचना वाचून एखादे वृद्ध वाचक म्हणतील की मग आमच्यासाठी सणात उरले काय? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर धर्मशास्त्रातूनच मिळते. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मोशे बेन मैमोन, ज्यांना जग मायमोनिडीज म्हणून ओळखते, हे स्वतः वैद्य होते. ११३८ मध्ये कोर्दोबा येथे जन्मलेले हे गृहस्थ इजिप्तमध्ये राजवैद्यकी करीत आणि १२०४ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांनी आपल्या धर्मसंहितेतच आरोग्याचे एक प्रकरण घातले आहे आणि त्यात फळे बेताने खावीत, सुकी असली तरी अति खाऊ नयेत, कच्ची तर टाळावीत असे बजावले आहे. अंजीर, द्राक्षे आणि बदाम यांना त्यांनी सर्वांत चांगले म्हटले, तरी तीही सतत खाऊ नयेत असा इशारा जोडला. कॅरबची शेंग तर सदैव अपायकारक ठरविली! ज्या फळाने पुढे युरोपात हा सण जागता ठेवला, त्याविषयी हा वैद्याचा अभिप्राय. त्यांच्या वैद्यकातील सर्वच मते आज टिकतील असे नाही, पण धर्माचा पदार्थ म्हणून त्याला वैद्यकाची सवलत द्यावयाची नाही, ही त्यांची वृत्ती घेण्याजोगी आहे.

दुसरे असे की, फळ तोंडात घालण्यापूर्वी जो आशीर्वाद म्हणावयाचा, त्यास प्रमाणाची अट नाही. किंचित कण खावयाचा असला तरी तो म्हणावा. खाऊन झाल्यानंतरच्या आशीर्वादासाठी मात्र ऑलिव्हएवढे तरी खाल्लेले असावे लागते. ऋतूतले नवे फळ प्रथमच खाताना आणखी एक आशीर्वाद म्हणतात. त्यात या ऋतूपर्यंत आपणास जिवंत राखल्याबद्दल आभार मानलेले असतात. ऐंशी वर्षांच्या माणसाने तो म्हणणे आणि आठ वर्षांच्या मुलाने म्हणणे यांत अर्थाचे केवढे अंतर आहे! तेवढ्यासाठी पाव अंजीर पुरते. आणि ज्यांच्या तोंडून काहीच जाऊ शकत नाही, नळीवाटे आहार घ्यावा लागतो, त्यांचे काय? ज्यू शास्त्रात सुगंधी फळाचा वास घेताना म्हणावयाचा स्वतंत्र आशीर्वाद आहे. ताटावरचे सुवासिक फळ नाकाजवळ धरले, तो शब्द म्हटला, की ती व्यक्ती सणात सहभागी झाली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीतही पुष्कळदा हे दिसते की नावे आणि चेहरे निसटून गेल्यावर एखाद्या ओळखीच्या वासाने चेहऱ्यावर उजेड येतो.

या ठिकाणी आपल्या कोकणाकडे वळले पाहिजे, कारण या सणाचे एक रूप तेथे शतकानुशतके नांदले आहे. बेने इस्राएल समाज अलिबाग, पेण, रोहे या परिसरात घाण्यावर तेल काढीत असे आणि शबाथमुळे शनिवारी घाणा बंद ठेवीत असे; म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे कोकणातील गावांची, घरची भाषा मराठी. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत अशी त्यांची श्रद्धा. तू बिश्वातच्या दिवशी एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून मलिदा अर्पण करण्याची त्यांची रीत आहे. धुऊन भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोडा, जायफळ, सुका मेवा यांचा ढीग ताटात मधोमध, भोवती खजूर, केळी आणि इतर फळे, जवळ गुलाब किंवा सुवासिक पाने. गंमत पाहा: खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणावयाचा, केळ्यावर मात्र भूमीच्या उपजाचा, कारण केळीचा खुंट लाकडी वृक्ष नव्हे. वनस्पतिशास्त्राशी हे जुळते. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली बेने इस्राएल कुटुंबेही मलिद्याचे ताट भरतात.

मलिदा चावण्यास सोपा, तरी तो कोरडा सुटसुटीत असल्यामुळे कीस आणि पोहे घशात उडून ठसका लागतो. थोडे नारळाचे दूध घालून तो एकजीव, ओलसर करावा. वृद्धास ताठ बसवून, लहान चमच्याने, बोलता बोलता नव्हे, असा भरवावा, आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. मधुमेहींसाठी गूळ साखरेपेक्षा बरा हा समज सोडून द्यावा. रक्तातील साखरेस त्या दोहोंत फारसा फरक वाटत नाही. पोहे, गूळ आणि केळे मिळून ते एक पूर्ण खाणेच होते. म्हणून मलिदा त्या वेळच्या नाश्त्याच्या ऐवजी घ्यावा, नाश्त्यावर नव्हे. द्राक्षरसाचा प्रश्नही या समाजाने सुरेख सोडविला आहे. काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत ते शबाथच्या प्याल्यासाठी वापरीत आले आहेत. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना मद्य वर्ज्य असते. त्यांच्या प्याल्यात हे सरबत असावे, साखरेच्या बेताने दोन घोट.

आता दानाकडे वळू. ज्यू परंपरेत दानास ‘त्सदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देणारा उपकार करीत नाही, दुसऱ्याचा वाटा त्याला पोहोचवितो. शेताच्या कोपऱ्यातील पीक कापावयाचे नाही, ऑलिव्हचे झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा चाळावयाच्या नाहीत, द्राक्षमळ्यात मागे राहिलेले घड वेचावयाचे नाहीत, अशी शास्त्राज्ञा आहे. गरजूने स्वतः यावे, स्वतःच्या हाताने तोडून न्यावे. त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये. पुढील काळात वृक्षांच्या नववर्षी गरिबांच्या घरीही फळे असावीत म्हणून पैसे देण्याची प्रथा पडली. ‘इलान’ म्हणजे झाड या हिब्रू शब्दातील अक्षरांची बेरीज ९१ होते, म्हणून कोणी ९१ नाणी देतात.

मायमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसास स्वतःच्या पायांवर उभे करणे. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी नोंदविलेला दुसरा एक नियम मला अधिक मोलाचा वाटतो: जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही दुसऱ्यास दान दिले पाहिजे. हिशेबाने पाहिले तर हा नियम वेडगळ आहे. ज्याला एका हाताने द्यावयाचे, त्याच्याकडून दुसऱ्या हाताने काढून घेण्यात काय साधते? पैशाच्या दृष्टीने काहीच नाही. पण देण्याचा अधिकार काढून घेतला की माणूस समाजातून अर्धा बाहेर पडतो, हे त्या वैद्याने जाणले होते.

आपल्या घरांतील वृद्धांची स्थिती पुष्कळदा अशीच होते. त्यांना औषध वेळेवर मिळते, अन्न मऊ करून मिळते, स्वच्छ अंथरूण मिळते. सकाळपासून रात्रीपर्यंत ते घेतच असतात. त्यांच्याकडून मात्र कोणी काही मागत नाही. मागणे हा जाच होईल असे प्रेमानेच वाटत असते. आयुष्यभर ज्या हातांनी वाढले, त्यांना वाढण्याचे काम न उरणे हे दुखणे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. सुश्रूषा करणाऱ्यांनी म्हणून या दिवसासारखा एखादा दिवस धरून वृद्धांकडून देणे घडवून आणावे. फळांच्या लहान पुड्या त्यांच्यासमोर बांधाव्यात आणि कोणाकडे पोहोचवावयाच्या हे त्यांनीच सांगावे. पहिली पुडी त्यांना आंघोळ घालणाऱ्या मावशींना त्यांच्याच हातून द्यावी. हात थरथरत असेल तर खालून आधार द्यावा, पण पुडी आपण उचलून देऊ नये. पैसे द्यावयाचे तर त्यांच्या निवृत्तिवेतनातून, त्यांच्या इच्छेने, आधी ठरलेली छोटी रक्कम. स्मृती क्षीण झाली असेल तर ती घरातील दोघांच्या माहितीत असावी, म्हणजे त्यांच्या औदार्याचा कोणी गैरफायदा घेणार नाही.

काही वृद्ध म्हणतील, ‘माझ्यापाशी देण्यासारखे आता राहिले काय?’ त्यांच्याशी वाद घालू नये. कुठल्या झाडाचे फळ कधी उतरवायचे, कलम कोठे करायचे, लोणच्याची कैरी कोणती, हे नातवंडांपैकी एकास सांगावयास लावावे आणि त्या पोराने ते लिहून घ्यावे.

तालमुद ग्रंथात होनी नावाच्या सत्पुरुषाची कथा आहे. वाटेत एक मनुष्य कॅरबचे झाड लावताना त्याला दिसतो. फळ यावयास किती वर्षे लागतील? सत्तर, असे तो सांगतो. मग तू इतका जगणार आहेस काय? त्यावर तो म्हणतो की मी जगात आलो तेव्हा पूर्वजांनी लावलेली झाडे मला मिळाली, तशी मी पुढच्यांसाठी लावतो. वृक्षारोपणाच्या भाषणांत कथा येथेच थांबते. पण मूळ कथा पुढे जाते. होनी तेथेच झोपी जातो आणि सत्तर वर्षांनी जागा होतो. त्या मनुष्याचा नातू शेंगा तोडीत असतो. होनी घरी जातो. मुलगा वारलेला, नातू आहे, पण हाच होनी यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तो विद्यागृहात जातो. तेथील पंडित म्हणत असतात की होनी विद्यागृहात येई तेव्हा प्रत्येक शंका फेडी. ‘तो मीच,’ असे तो सांगतो. ते ऐकून घेत नाहीत, त्याचा मान ठेवीत नाहीत. त्या दुःखाने तो मृत्यू मागतो आणि मरतो. कथेखाली एका पंडिताने लोकांच्या तोंडचे एक वचन जोडले आहे. त्याचा आशय असा की सोबत नसेल तर मरण बरे.

झाड फळाला आले होते. अन्नाची वाण नव्हती. ज्या घरात आणि ज्या सभेत त्याचे नाव आदराने घेतले जात होते, तेथेच तो बसलेला होता. त्याला कोणी काही विचारले नाही, एवढेच. घरातील वृद्धांसमोर त्यांच्याविषयी, त्यांच्या औषधांविषयी, त्यांच्या पूर्वीच्या कर्तृत्वाविषयी आपण तिऱ्हाईतासारखे बोलत असतो, तेव्हा ही कथा आठवावी.

सत्तर वर्षांचे झाड लावणे प्रत्येकाला शक्य नसते. खड्डा खणण्याचे बळही नसते. पुष्कळ ज्यू घरांत या दिवशी कुंडीत पार्स्ली पेरतात. हिचे बी हट्टी. रात्रभर कोमट पाण्यात भिजविले तरी उगवण्यास दोन ते चार आठवडे घेते. दोन महिन्यांनी पेसाहचा सण येतो आणि त्याच्या ताटात मिठाच्या पाण्यात बुडवून खाण्यासाठी हिरवी पाने लागतात. तोवर मूठभर पाने आली तरी पुरे. कुंडी खाटेवरून दिसेल अशा खिडकीत ठेवावी, वीतभर उंचीची आणि रुंद, म्हणजे कलंडणार नाही. बियांवर मातीचा थर अगदी पातळ असावा. पाणी घालण्यासाठी लहान तोटीचा झारा वृद्धांच्याच हाती द्यावा आणि आज पाणी हवे की नको, हे रोज सकाळी त्यांना विचारावे.